आबांच्या गाण्याला फुकटची चकाकी

आता माझ्या बावळटपणाचे सगळे किस्से सांगायला बसलो तर चहाची किटली तीनदा भरावी लागेल, म्हणून आज एकच सांगतो. हा मी आपणहून सांगतोय, कारण धुळ्याकडचा माझा कोणी सासुरवाडीचा माणूस तुम्हाला भेटला तर तो सांगणारच, आणि वर दोन गोष्टी पदरच्या घालणार. त्यापेक्षा मूळ मालकाकडून ऐका.

जळगावात माझं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची. पण नाद गाण्याचा. घरामागच्या खोलीत मी एक कॉम्प्युटर, एक बरा माइक आणि दोन स्पीकर मांडलेत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्यात, आणि त्या खोलीला मी स्टुडिओ म्हणतो. माझी बायको सुनंदा तिला गोधड्यांची खोली म्हणते. पाहुणे जास्त झाले की ती तिथल्या दोन गोधड्या काढून नेते, म्हणून लग्नसराईत माझ्या स्टुडिओत जरा जास्तच घुमतं.

तर गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला मला इंटरनेटवर एक प्लगइन सापडलं.

प्लगइन म्हणजे काय, तर गाण्याच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. हे होतं आवाजातल्या वरच्या पट्ट्या उजळवणारं. म्हणजे बघा, गाण्यात ढोलकीचा धुम असतो तो खालचा आवाज, आणि झांजेची किणकिण, गाणाऱ्याचा श्वास, 'स'ची सळसळ हे सगळं वरचं. ते वरचं थोडं वाढवलं की गाणं कसं ताजं वाटतं. आपण खिचडीवर शेवटी कच्चं तेल घालतो ना, तसं. खिचडी तीच, पण चव उघडते.

आणि हे प्लगइन चक्क फुकट. स्क्रीनवर एकच मोठं गोल बटण. फिरवत जायचं, आवाज उजळत जातो. इतकं सोपं साधन फुकट मिळालं की माणसाचं काय होतं, ते सांगायला नको. मी ते आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाला लावलं. एका पेरूवाल्याने गाडीवर वाजवायला जाहिरात करून घेतली होती, तिला लावलं. तो म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक येतंय, पण लोक म्हणतात कान कापल्यासारखं होतं, जरा हळू कर." मी म्हटलं, त्याला चकाकी म्हणतात.

अशा दिवसांत माझे सासरे आबा दोंडाईचाहून आले.

आबा म्हणजे एक्काहत्तर वर्षांचा गडी. सगळी उमर दोंडाईचाच्या मिरचीच्या आडतीवर गेली. मापाड्याचं काम. पोत्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. आता वयामुळे ऐकायला कमी येतं, पण त्यातही गंमत आहे. जाडा आवाज त्यांना बरोबर ऐकू येतो. बारीक आवाज गेला. दारात ट्रॅक्टर आला तर कळतं, मोबाइल वाजला तर कळत नाही. कोणी कानात कुजबुजलं तर आबा नुसते गोड हसतात.

आबांची नात ऋतुजा, म्हणजे माझा धुळ्याचा मेव्हणा किशोर, त्याची मुलगी, तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या हळदीला वाजवायला आबांनी स्वतः अहिराणीत एक गाणं रचलं होतं. पाच कडवी. वहीच्या कागदावर लिहून, त्याची नीट घडी करून, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून, पॅसेंजरनं ते जळगावला आले होते.

"जवाईबापू," ते मला म्हणाले, "तुमना मशीनमा हाई गानं भरी द्या. नातले माहीत नही शे. हयदना दिवस एकदम वाजाडानं."

आता जावई म्हणून छाती फुगली. मी माझ्या ढोलकीवाल्या मित्राला, दिलीपला बोलावलं. दोन दिवसांत पेटी, ढोलकी, सगळं भरून तयार केलं. दोन कडव्यांच्या मध्ये पेटीचा एक हळुवार तुकडा ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा माइकसमोर उभे राहिले.

मे महिना, जळगावची दुपार. आणि रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर गाण्यात त्याचीच घरघर येते. खोलीत आम्ही तिघं. आबा हेडफोन लावून उभे, त्यात त्यांना ऐकू यावं म्हणून मी संगीत मोठ्यानं सोडलेलं. त्यांच्यापासून दोन हातांवर मी कॉम्प्युटरपुढे. दिलीप खाली सतरंजीवर, गळ्याला ओला रुमाल बांधून.

आबा गायला लागले. आवाज खणखणीत. शब्द गोड. "हयद लागनी मन्ही नातले, पिवया व्हयना मांडो." पण सूर, आता कसं सांगू तुम्हाला, पेटी एका घरात आणि आबा शेजारच्या घरात. अधूनमधून खिडकीतून एकमेकांकडे बघत होते, एवढंच.

पहिलं कडवं संपलं, पेटीचा तुकडा सुरू झाला. आबा डोळे मिटून हुंकार देत होते. दिलीप खालून काहीतरी कुजबुजला. मीही कुजबुजून उत्तर दिलं. आबांच्या कानात हेडफोन, शिवाय बारीक आवाज त्यांना एरवीच ऐकू येत नाही, मग भीती कसली? दुसऱ्या कडव्यानंतरही आम्ही दोन शब्द बोललो. उकाड्यात माणसाला काहीतरी विरंगुळा लागतोच की.

पाचही कडवी झाली. आबांनी हेडफोन काढला, घाम पुसला आणि विचारलं, "जमनं का?"

"एक नंबर," मी म्हटलं.

आबा समाधानानं दोंडाईचाला गेले आणि मी गाणं सजवायला बसलो. या कामाला मात्र कूलर चालतो, कारण माइक बंद असतो. मी कूलर पूर्ण वेगानं सोडला, समोर खुर्ची ओढली आणि गाणं लावलं.

सगळ्यात आधी मी काय केलं, तर शेवटची दोन कडवी उडवली. गाणं फार लांब होत होतं, आणि पाच कडवी लोक ऐकणार नाहीत असं माझं मत. पण हे आबांना सांगायचं कसं? मी फोन केला, घरच्या कोणीतरी तो आबांच्या कानाला लावला, आणि मी ओरडून म्हटलं, "आबा, जरा घोटाळा झाला. शेवटची दोन कडवी कॉम्प्युटरनं खाल्ली. परत गायचं म्हणजे तुम्हाला या उन्हात परत यावं लागेल."

पलीकडे आबांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मशीनना काय दोष? ऱ्हाऊ द्या." आणि जरा थांबून, "पन ते पाचवं ऱ्हातं ते बरं व्हतं."

त्या पाचव्यात काय होतं, ते मला तेव्हा आठवेना. रेकॉर्डिंग चालू असताना मी सूर किती चुकतोय एवढंच मोजत होतो, शब्दांकडे लक्षच नव्हतं. मी म्हटलं, "तीन कडव्यांतही सगळं येतं, आबा." आणि फोन ठेवला.

खरं तर कडव्यांच्या मधल्या जागेतला माइकचा आवाज कापून टाकायची पद्धत आहे. गाणारा गात नसेल तिथे माइक कशाला उघडा ठेवायचा? मी कात्री लावणारच होतो, तर सुनंदा चहा घेऊन आली. पेटीच्या तुकड्यावर आबांचा तो हुंकार ऐकून ती दारातच उभी राहिली.

"अहो, ते काढू नका," ती म्हणाली. "आई गेल्यापासून आबांनी असा हुंकार दिलेला मी ऐकला नाही."

बायकोनं इतक्या हळव्या आवाजात काही मागितलं तर कोण नाही म्हणेल? नाही कापलं.

मग मी आबांच्या आवाजावर ते फुकटचं प्लगइन लावलं. बटण थोडं फिरवलं. काही फरक जाणवेना. अजून फिरवलं. आवाज मंदच. मला वाटलं, आबांचा आवाजच जाडा, त्याला चकाकी जास्त लागणार. पाऊण फिरवलं, मग पूर्ण. तेव्हा कुठे जरा उजेड पडल्यासारखं वाटलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. गुडघ्यापाशी गावठी कूलर सुसाट चाललेला, त्याच्या सूं आवाजात गाण्यातलं सगळं वरचं बुडत होतं. जे कूलरनं झाकलं होतं, ते मी बटण पिळून पिळून वर काढत होतो.

सुनंदाला ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण 'सासर' म्हणताना कुकरची शिट्टी झाल्यासारखं वाटतं. एकदा कूलर बंद करून ऐका ना."

"पारा बघितलास का बाहेर?" मी म्हटलं. "आणि त्याला कुकर नाही म्हणत. त्याला एअर म्हणतात, गाण्यातली हवा."

गाणं पेनड्राइव्हवर गेलं.

हळद धुळ्याला, किशोरच्या घरापुढे. सकाळी दहाचा सुमार, मांडव भरलेला. दोंडाईचाची मंडळी आली होती, मुलाकडचे लोक जामनेरहून यायचे होते. ऋतुजा पाटावर बसलेली, बायका वाटीत हळद कालवत होत्या. आबा पहिल्या रांगेत खुर्चीवर, कडक इस्त्रीचा सदरा घालून. आणि मांडवाच्या दोन्ही बाजूंना साउंडवाल्याचे माणूसभर उंचीचे डबे, वर भोंगे. ते भोंगे वरचा आवाज फेकण्यासाठीच असतात, हे मी त्या क्षणापर्यंत अभिमानानं लोकांना समजावत होतो.

किशोरनं माइकवर जाहीर केलं, "आता ऋतुजासाठी तिच्या आजोबांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं गाणं. आणि ते तयार केलंय आमच्या दाजींनी, जळगावला, स्वतःच्या स्टुडिओत."

टाळ्या पडल्या. मी उभं राहून हात जोडले. हे उभं राहणं पुढे फार महागात पडलं, कारण मी कोण ते सगळ्या मांडवाला नीट कळलं.

गाणं सुरू झालं. आबांचा आवाज ऐकून ऋतुजानं दोन्ही हात तोंडावर नेले. 'सासर' शब्दाला एका बाईच्या मांडीवरचं बाळ दचकून उठलं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. पहिलं कडवं संपलं. पेटीचा हळुवार तुकडा आला. आबांचा हुंकार आला. आणि त्या हुंकारामागून, दोन्ही भोंग्यांतून, अगदी कानाशी तोंड आणून बोलावं इतका स्पष्ट माझा आवाज आला.

"सूर? सूर अजून नरडाण्यालाच उभा आहे. सिग्नल मिळालेला नाही."

दोंडाईचाहून जळगावला येताना नरडाणा स्टेशन लागतं, आणि तिथे पॅसेंजर किती वेळ उभी राहते हे त्या मांडवातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

आधी कोणाला काही कळलंच नाही. एका म्हाताऱ्या अक्कांनी मागं वळून विचारलं, "कोन बोलनं?" मग दोंडाईचाच्या रांगेतून एक जण फिसकन हसला आणि ते हसू साऱ्या मांडवात पसरलं.

 दिलीपही हळदीला आला होता, माझ्या शेजारीच होता. त्याच्याकडे बघितलं तर तो मांडवाच्या छताची झालर निरखत होता. गंमत बघा, तो माइकपासून लांब होता, त्यामुळे त्याचा एकही शब्द आला नव्हता. सुरुवात त्यानं केलेली, पण ऐकणाऱ्याला वाटावं की मी एकटाच स्वतःशी गरळ ओकत बसलोय.

दुसरं कडवं सुरू झालं. आता मला आठवलं की दुसऱ्या कडव्यानंतरही मी काहीतरी बोललो होतो. काय बोललो होतो, तेही आठवलं. मी खुर्च्यांमधून वाट काढत साउंडवाल्याकडे धावलो, पण मध्ये हळदीच्या वाट्या घेतलेल्या बायका बसल्या होत्या, आणि आधी त्यांना ओलांडू की वळसा घालू या विचारात कडवं संपलं.

"पाच कडवी कोण ऐकतंय रे," भोंगे बोलले. "शेवटची दोन उडवतो. कॉम्प्युटरनं खाल्ली म्हणून सांगेन."

या वेळी हसू कमी आलं. किशोर माझ्याकडे बघत होता. सुनंदा ऋतुजाच्या गालाला हळद लावत होती, तिचा हात तसाच थांबला.

आणि आबा? आबा खुर्चीत ताठ बसून चहूकडे बघत होते, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. कुजबुज त्यांना ऐकू आलीच नव्हती. त्यांना आलं स्वतःचं गाणं, आणि वर लोकांचं हसणं. त्यांना वाटलं, मंडळी खूश झाली. गाणं संपताच त्यांनी हात वर केला.

"परत वाजाडा."

कोण नाही म्हणणार? नवरीचा आजोबा, एक्काहत्तरीचा माणूस.

मी साउंडवाल्याला गाठलं. "भाऊ, वरचा आवाज कमी कर. ट्रेबल पाड."

"ट्रेबल कधीचं शून्यावर शे," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या पेनड्राइव्हमधूनच तसं येतंय. काय लावलं याला?"

प्लगइनचं नाव सांगायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "बरं, मग असं कर. मी मांडवाच्या मधोमध उभा राहतो. कडवं संपत आलं की हात करतो, तेवढ्यापुरता आवाज पाड."

तो मान हलवून हो म्हणाला. गाणं लागलं. पहिलं कडवं संपत आलं तसा मी हात वर केला. आता मला सांगा, मांडवात नाचणारा माणूस साउंडवाल्याकडे बघून हात वर करतो, त्याचा अर्थ त्याच्या धंद्यात आजवर काय झालाय? त्यानं आवाज वाढवला.

नरडाणा या वेळी पुढच्या चौकापर्यंत गेलं असावं. मी मोठमोठ्यानं टाळ्या वाजवून ते झाकायचा प्रयत्न केला, तर मघाच्याच अक्का माझ्यावर खेकसल्या. "ऐकू दे ना रे भो. मजा त्याच जागी शे."

तेवढ्यात जामनेरचे व्याही मंडळींसह आले. आबांनी त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि तिसऱ्यांदा गाणं लावायला सांगितलं. मी पुढं होऊन म्हटलं, "आबा, पेनड्राइव्ह खराब झाला वाटतं."

आबांनी माझ्याकडे समजुतीनं बघितलं. "मशीनना काय दोष," असं म्हणाले.

त्यांच्या तोंडून ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना मला काय झालं, ते माझं मला माहीत. पण शरमायलाही सवड मिळाली नाही. किशोर म्हणाला, "मी मोबाइलवर शूटिंग केलंय, दाजी," आणि त्यानं ते थेट व्याह्यांच्या कानाशी धरलं. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ढोलकी येत नाही, जाडा आवाजही नीट येत नाही, वरचं तेवढं येतं. म्हणजे गाणं गेलं आणि कुजबुज राहिली. व्याह्यांनी पूर्ण ऐकलं, मोबाइल परत दिला आणि माझ्याकडे बघून अदबीनं विचारलं, "आपण जावई का?"

मग जेवणाची पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी. मी कोपऱ्यातली जागा शोधत होतो, पण मोठा जावई म्हणून मला आबांच्या शेजारीच बसवलं. पलीकडे व्याही. व्याही माणूस सरळ. बट्टीवर तूप घेता घेता त्यांनी आबांना मोठ्यानं विचारलं, "आबा, ते गाण्यात नरडाण्याचं काय होतं? आम्हाला संदर्भ नाही लागला."

"नरडाना?" आबा म्हणाले. "मन्हा गानामा नरडाना नही शे."

त्यांनी वाढत असलेल्या सुनंदाकडे बघितलं. "काय व बेटा?"

सुनंदानं माझ्या पानात वरण वाढलं आणि म्हणाली, "तुमच्या जावयांना विचारा, आबा."

आबा माझ्याकडे वळले. आता पळायला वाट नव्हती. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि हळूच सांगितलं. ते नुसते गोड हसले. म्हणजे ऐकू गेलं नव्हतं.

"मोठा आवाजमा सांगा, जवाईबापू. बारीक माले ऐकू येत नही."

मी जरा वाढवलं. तरी नाही. त्यांनी तळहात कानामागं धरला. मी म्हटलं, आता काय व्हायचं ते होवो, आणि घसा साफ करून पूर्ण आवाजात सांगितलं. पण नेमका त्याच वेळी साउंडवाला जेवायला उठला होता आणि जाता जाता त्यानं संगीत बंद केलं होतं. माझं वाक्य निघालं ते शांत झालेल्या मांडवात.

"मी म्हणालो होतो की तुमचा सूर अजून नरडाण्यालाच उभा आहे."

वाढणारे थांबले. आबांनी मान हलवली, ऐकू आल्याची. राग दिसेना. ते एवढंच म्हणाले, "आनि ते दोन कडवा?"

त्यांना कोणीतरी अर्धवट काही सांगितलं होतं, की माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना अंदाज आला, कोण जाणे. आता मोठ्यानं सुरुवात झालीच होती.

"कॉम्प्युटरनं खाल्ली नाहीत, आबा. मीच उडवली. आणि तुमच्याशी खोटं बोललो. माझी चूक झाली."

 आबांनी हातातला घास खाल्ला, पाणी प्याले, उठले, हात धुतले. मला वाटलं, आता आबा बॅग उचलून एसटी स्टँडवर जाणार आणि मी उरलेला जन्म बायकोपुढं उत्तरं देत काढणार. पण ते सरळ ऋतुजा बसली होती तिकडे गेले. खिशातून तो घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि उभ्यानंच, माइकशिवाय, पेटीशिवाय गायला लागले. आडतीवरचा आवाज तो, त्याला भोंगे कशाला लागतात?

चौथं कडवं भावकीचं होतं. मग पाचवं आलं.

"आज तुन्ही आजी राहती, तुले हयद ती लावती."

पंगतीत कोणी जेवेना. ऋतुजा रडायला लागली, तिच्या शेजारी माझी बायको वरणाची बादली खाली ठेवून रडायला लागली. गेलेल्या माणसाची जागा त्यांनी एका ओळीत भरून काढली होती, आणि ती ओळ लांबते म्हणून मी उडवली होती. सूर? सूर तेव्हाही नव्हता. पण मांडवात तो शोधतंय कोण? मी पानातली बट्टी उगाच बारीक बारीक चुरत बसलो.

गाणं संपलं. ऋतुजानं हळदीच्या हातांनी आजोबांना मिठी मारली, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन पिवळे पंजे उमटले. तसेच ते चालत परत आले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

मी म्हटलं, "आबा, पाचही कडवी अजून माझ्याकडे आहेत. घरी गेलो की सगळी जोडतो. वरचं ते सगळं काढून टाकतो. तुमचा आवाज आहे तसाच ठेवतो."

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि चारचौघांत जावयाचा अपमान नको म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजले. आता ज्याला कुजबुज ऐकूच येत नाही, तो केवढ्यानं कुजबुजणार? जामनेरच्या शेवटच्या पाहुण्यापर्यंत शब्दन् शब्द पोचला.

"जवाईबापू, माले गाता येत नही, हाई माले पयलेपासूनच माहीत शे. पन तुमले कानमा बोलता येत नही, हाई तुमले आज समजनं."